हात न लावलेला वाफा

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फोनवर तू "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" म्हणत निम्मं बोलणं स्वतःच करतेस, म्हणून हे पत्र. शांतपणे वाच आणि मग हो म्हण. नाही म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. पाला खाणाऱ्या अळीच्या पोटात पान पचतं कसं, ते मी बघते. चावून गिळलं की झालं, असं नसतं. अळीच्या आतड्यात साबणाच्या पाण्यासारखा क्षारीय रस असतो आणि त्यात एन्झाइम असतात. ती पानातलं प्रथिन कातरून बारीक करतात, तेव्हा कुठे ते तिच्या अंगी लागतं. मला एका जंगली घेवड्याच्या बियांमध्ये असा पदार्थ मिळालाय, जो या एन्झाइमच्या तोंडात बोळा कोंबतो. अळी खात राहते आणि भरल्या पोटी उपाशी राहते. हे विष नाही, याला वासही नाही.

प्रयोगशाळेत डब्यात वाढवलेल्या अळ्या अर्क खाल्ला की हटकून मरगळतात. त्यातल्या बऱ्याचशा पुढे सावरतात, हे खरं. दोन-तीन दिवसांत त्या पोटातलं एन्झाइमच बदलतात. जुन्याला बोळा बसला ना, मग वेगळ्या तोंडाचं नवीन काढतात. पण उघड्यावर, ऊन-वाऱ्यात, त्यांना सावरायला उसंत मिळणार नाही असा माझा होरा आहे. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, होरा नको, जिवंत रोपांवर दाखव. (आम्ही त्यांना पाठीमागे थर्मामीटर म्हणतो, कारण त्या आत आल्या की ज्याचा त्याचा ताप कळतो.) या हंगामात दाखवता आलं नाही तर माझं टेबल दुसऱ्याला जाणार आणि माझा प्रबंध तिथेच संपणार. आई तर टपूनच बसली आहे. दवाखान्याच्या तपासणी-खोलीत तिने माझ्यासाठी जागासुद्धा बोलून ठेवली आहे. अळ्यांच्या पोटापेक्षा माणसांची लघवी बरी, म्हणते.

तेव्हा तुझ्या रोपवाटिकेतले कोबीचे दोन वाफे मला दे. एकावर माझा अर्क फवारायचा, दुसऱ्यावर नुसतं पाणी. दोन्हीकडच्या पानांवर मी पाठवीन ती पतंगाची अंडी चिकटवायची आणि वर जाळी टाकायची. मग फक्त बघायचं, आणि मला कळवायचं.

तुझी,
किडूक


९ फेब्रुवारी

चि. किडूक,

हो.

आता कारणं ऐक. तुझ्या आईचं आणि माझं लहानपणापासून एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. तिने तुला घरी आणायचं ठरवलं असेल, तर मी तुला तिथेच ठेवायचं ठरवलं आहे. तू सुट्टीत माझ्याकडे यायचीस तेव्हा माझ्या कपाटात बुटांच्या खोक्यात अळ्या ठेवायचीस. एकदा त्या माझ्या चांगल्या साडीवर कोष करून बसल्या. तेव्हा मी तुला ओरडले नव्हते, ते काही आता तुला लघवीच्या बाटल्या हलवताना बघण्यासाठी नाही.

पण बाई, माझी अख्खी हयात अळ्या मारण्यात गेली आणि तू मला त्या पोस्टाने पाठवतेस. कामाला येणाऱ्या बाईंना मी सांगितलं, तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. नळाजवळचे दोन वाफे मोकळे केले आहेत. कुंड्या भरायच्या टेबलावरून ते सरळ दिसतात, म्हणजे काम करता करता माझी नजर राहील. शाळेत आम्हाला विकर म्हणून शिकवलं होतं, तू एन्झाइम म्हणतेस. नाव काही का असेना, बोळा बसला म्हणजे झालं.

अंडी पाठव.

तुझी मावशी


४ मार्च

चि. किडूक,

अंडी फुटली. सांगितलंस तसा अर्क फवारते आहे, पाण्याच्या वाफ्यावर पाणी. दोन्ही झाऱ्या वेगळ्या ठेवल्यात, उगाच शंका नको.

एक विचारायचं होतं. अर्काच्या वाफ्यातल्या अळ्या जास्तच खातायत असं मला दिसतं. पाण्याच्या वाफ्यातल्या पोट भरलं की थांबतात, या मात्र सकाळपासून तोंड चालवत असतात. पानांची नुसती जाळी राहिली आहे आणि खाली लेंड्यांचा सडा. तुझा तो पदार्थ नक्की बोळाच आहे ना? की भूक लागायचं औषध? तिकडून जाताना माझे हात शिवशिवतात. इतक्या वर्षांची सवय आहे, पानावर अळी दिसली की बोटं आपोआप पुढे होतात.

तुझ्या आईचा फोन आला होता. मी कामात आहे म्हणून ठेवून दिला.

मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

घाबरू नकोस, ते अपेक्षितच आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून अळी आणखी खाते. पोट रिकामं असल्याचं तिला कळतं, का ते कळत नाही. शिवाय बोळा बसलेल्या एन्झाइमच्या जागी ती आणखी आणखी एन्झाइम बनवत राहते, आणि ते बनवायलाही प्रथिनच लागतं. घरातलंच सामान जाळून चूल पेटवण्यासारखं आहे. थोडे दिवस जाऊ देत, मग त्या मंदावतील. मंदावायलाच हव्यात.

खरं सांगू? थर्मामीटर आज माझ्या टेबलाशी थांबल्या आणि खिडकी केवढी आहे ते हाताने मापून गेल्या. नवीन येणाऱ्या मुलाचं यंत्र तिथे बसेल का, ते बघत होत्या. मी रिकामी खोकी आणून टेबलाखाली ठेवली आहेत. सामान भरावं लागलंच तर शोधाशोध नको. कोणाला सांगितलेलं नाही, तुला म्हणून लिहिते. आईला कळू देऊ नकोस.

किडूक


१८ मार्च

चि. किडूक,

कळवायला आनंद होतो की तुझ्या अर्काच्या वाफ्यात आता अळी औषधालाही सापडत नाही. नवीन फुटलेलं पान न् पान धड आहे. पाण्याच्या वाफ्याची मात्र चाळण झाली आहे. दोन्हींचे फोटो सोबत आहेत, थर्मामीटरबाईंना दाखव.

ती खोकी टेबलाखालून काढ.

मावशी


२२ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि पुढचे दोन मजले पळत चढले. थर्मामीटरनी फोटो दोनदा पाहिले. त्यांनी चष्मा पुसला, म्हणजे आमच्याकडे ती शाबासकीच. पुढच्या महिन्यात तज्ज्ञांच्या बैठकीत मी हे मांडायचं ठरलं आहे. खोकी परत दिली. आईलाही मीच फोन केला. ती एवढंच म्हणाली, बरं.

आता एक काम कर. डब्यातल्या अळ्या सावरतात आणि तुझ्या वाफ्यातल्या सावरत नाहीत, हे का, ते मला शोधलं पाहिजे. बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार. कोपऱ्याकापऱ्यात, पानाखाली, दोन-चार तरी उरल्या असतील. अर्काच्या वाफ्यातल्या अळ्या एका डब्यात आणि पाण्याच्या वाफ्यातल्या दुसऱ्या डब्यात घालून पाठव. झाकणाला भोकं पाड, आत कोबीचं पान ठेव.

तुझी आनंदी,
किडूक


२९ मार्च

चि. किडूक,

सोबत दोन डबे. ज्यावर लाल दोरा बांधलाय तो अर्काचा. त्यातल्या अळ्या तुझ्या म्हणण्याप्रमाणे लहानखुऱ्याच आहेत.

पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, माझ्या भाचीचं भवितव्य. त्याने पार्सल जपून ठेवलं.

मावशी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

डबे नीट पोचले. हे पत्र मी सकाळपासून तीनदा लिहायला घेतलं. आता सरळच लिहिते.

आम्ही काचेवर दुधाच्या पावडरीची पातळ जेली ओततो. ती पांढरी, धुरकट असते. तिच्यावर अळीच्या पाचक रसाचा थेंब ठेवला की एन्झाइम तिथलं दूध पचवतं आणि पांढऱ्यात एक स्वच्छ गोल खिडकी पडते. रसात माझा अर्क मिसळला तर बोळा बसतो आणि खिडकी पडत नाही. पण ज्या अळीने आधीच अर्क खाल्ला आहे तिने एन्झाइम बदललेलं असतं. तिच्या रसाने अर्कातसुद्धा खिडकी पडते, लहान का होईना. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की झोपेतही सांगेन.

तुझ्या लाल दोऱ्याच्या डब्यातल्या एकाही अळीने अर्कात खिडकी पाडली नाही. दुसऱ्या डब्यातल्या अळ्यांनीही नाही. दोन्ही डब्यांची पोटं अगदी एकसारखी आहेत.

आणखी एक. उपाशी अळीचं डोकं वयाप्रमाणे मोठं असतं आणि अंग त्यामानाने सुकलेलं. लाल दोऱ्यातल्या अळ्या लहान होत्या, पण त्यांची डोकीही लहान होती आणि अंग गुटगुटीत. त्या उपाशी नव्हत्या, वयानेच लहान होत्या, मागून फुटलेल्या अंड्यांतल्या. या अळ्यांनी माझा अर्क कधी चाखलेलाच नाही.

मावशी, या तू पाण्याच्या वाफ्यातून वेचून दोन डब्यांत वाटल्यास. म्हणजे अर्काच्या वाफ्यात पाठवायला एकही उरली नव्हती, आणि ती माझ्या अर्कामुळे नव्हे. अर्काने मेल्या असत्या तर 'एकही उरली नाही' असं तू सरळ लिहिलं असतंस. हे माझं चुकत असेल तर मला आनंद होईल. पण माझं चुकत नाहीये.

उद्या सकाळी मी थर्मामीटरना सांगणार आहे. तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही, कारण थांबले तर कदाचित सांगणार नाही.

किडूक


८ एप्रिल

चि. किडूक,

हो. दोन्ही डबे पाण्याच्या वाफ्यातलेच.

तू लिहिलं होतंस, फक्त बघायचं. मी बघितलं, आणि बघवलं नाही. तरी दात-ओठ खाऊन गप्प बसले होते. पण टेबलाखाली खोकी आणून ठेवलीत हे तू लिहिलंस आणि मला राहवेना. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन वाफ्यात बसले. पानं उलटीपालटी करून वेचल्या. रोज सकाळी, बाई कामाला यायच्या आधी. मला वाटलं, एवढं एकदा पार पडू दे, टेबल वाचू दे, मग तुझं शास्त्र तू बघून घेशील. तुझं आनंदाचं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला लबाड म्हण, ते खरं आहे. वेंधळी म्हणू नकोस. मी जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं, आणि तुझ्यासाठी केलं, आणि त्यानेच तुझं वाटोळं झालं. त्या अळ्यांचाही मला राग आलाय. मी एवढं तोंड दाबून धरलं आणि त्यांनी आतड्यातून चहाडी केली.

थर्मामीटरबाईंनी तुला काय म्हटलं ते लगेच कळव. गरज असेल तर मी स्वतः येऊन त्यांच्यासमोर उभी राहते. आणि हे ऐक. दोन्ही वाफे मी काल उपटून टाकले, माती उलथून काढली. नवीन रोपं तयार आहेत. पुन्हा लाव म्हण, मी पुन्हा लावते. या वेळी तुझा अर्क हरला तर हरलेला पाठवीन.

तुझी मावशी


१४ एप्रिल

प्रिय मावशी,

तू येऊ नकोस. तू आणि थर्मामीटर एका खोलीत म्हणजे आम्हा सगळ्यांना बाहेर उभं राहावं लागेल.

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बैठकीच्या यादीतून माझं नाव माझ्याच हाताने खोडायला लावलं. ते फार कठीण गेलं. मला वाटलं आता टेबलाचं निघेल. तर त्यांनी विचारलं, "अळी दिसली तरी उचलायची नाही, असं तू त्यांना कुठे लिहिलं होतंस?" मी म्हटलं, ते उघडच आहे. त्या म्हणाल्या, ज्या बाईने आयुष्यभर रोपं जगवली तिला ते उघड नसतं, आणि ते तुला कळायला हवं होतं. हंगाम संपेपर्यंत टेबल माझं आहे. त्यानंतरचं नंतर.

मी विचारलं, दुसरी रोपवाटिका शोधू का? नको म्हणाल्या. "जिने एकदा बिघडवलंय, ती आता जिवापाड सांभाळेल."

तुझ्यावर चिडले होते. पण मावशी, मीही खोक्यांचं ते पत्र लिहिताना अर्क चालावा म्हणूनच सगळं लिहीत होते, काय होतं ते बघावं म्हणून नाही. मंदावायलाच हव्यात, असं मीच लिहिलं होतं. अळीला काही 'हव्यात' नसतं.

म्हणून आता नियम. अंडी सोबत आहेत. कोणत्याही वाफ्यातल्या अळीला हात लावायचा नाही. रोप मेलं तरी नाही. मला वाईट वाटेल म्हणून तर अजिबात नाही.

किडूक


२० मे

चि. किडूक,

हे पत्र आणि हे डबे. दोरे या वेळी खरे आहेत.

आधी निकाल. अर्काच्या वाफ्यातल्या अळ्या सुरुवातीला अधाशासारख्या खात सुटल्या, मग मरगळल्या. पुष्कळ मेल्या. माझा जीव जरा हरखला. पण ज्या उरल्या त्या पुन्हा हालायला लागल्या, आणि मग काय विचारतेस. कोबीचा नुसता दांडा राहिला आहे. पाण्याच्या वाफ्यापेक्षा हा वाफा जास्त उजाड झालाय. तुझा अर्क हरला, किडूक. मी एकही अळी उचलली नाही.

आयुष्यात इतकं कष्टाचं काम मी केलेलं नाही. कुंड्या भरायच्या टेबलावरून मी हलले नाही, तिथूनच सगळं बघितलं. अगदीच असह्य झालं की हात पदरात गुंडाळून बसायचे. गिऱ्हाईकं नाक मुरडून विचारायची, तुमच्याकडे कीड? मी म्हणायचे, पाळलेली आहे.

आणि एक दिवस तुझी आई आली, न सांगता. भांडायलाच आली होती. बोलता बोलता वाफ्याशी थांबली आणि एक भली मोठी अळी बघून तिने चिमटीत धरायला हात पुढे केला. आम्ही एकाच घरच्या ना. मी तिचं मनगट पकडलं. "हात लावू नकोस," म्हटलं, "ते तुझ्या मुलीचं आहे."

तिने हात मागे घेतला. मग पालथ्या क्रेटवर बसली आणि मला विचारलं, हे नक्की काय करते ती? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिला बोळा सांगितला, खिडकी सांगितली, मला जमलं तसं. तुझी एन्झाइमं मी कात्र्या करून सांगितली, चुकलं असेल तर सांभाळून घे. आम्ही दोघी बराच वेळ त्या अळ्या कोबी खाताना बघत बसलो. दवाखान्यातल्या जागेचं तिने नाव काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाली की तू लहानपणी असलंच काहीतरी खोक्यात ठेवायचीस.

तुला चांगलं काही पाठवता आलं नाही. खरं आहे ते पाठवलं.

तुझी मावशी


२९ मे

प्रिय मावशी,

लाल दोऱ्याच्या डब्यातल्या सगळ्या अळ्यांचा रस काढला. डोकी मोठी होती, काहींच्या अंगावर मधल्या उपासाच्या खुणा अजून होत्या. रसात अर्क मिसळून थेंब ठेवले आणि समोर बसून राहिले, कारण दुसरं काही करवत नव्हतं. आधी काहीच दिसलं नाही. मग एक गोल उजळला, मग शेजारचा, मग सगळे. एकूण एक खिडकी स्वच्छ. डब्यातल्या अळ्यांनी इतक्या मोठ्या खिडक्या मला कधी दाखवल्या नव्हत्या.

म्हणजे माझा होरा संपला. उघड्यावर त्या सावरतात, डब्यातल्यापेक्षा चांगल्या सावरतात. मी काच घेऊन थर्मामीटरकडे गेले आणि म्हटलं, अर्क चालत नाही. त्यांनी काच खिडकीसमोर धरली आणि कितीतरी वेळ एकेका गोलातून बाहेर बघितलं. मग म्हणाल्या की अर्क चालत नाही हे कळलं, आता या अळ्यांनी काढलेलं हे नवीन एन्झाइम कुठलं आहे ते शोध. ते सापडल्याशिवाय कोणाचाच अर्क चालायचा नाही. त्या नवीन मुलाला त्यांनी जिन्याजवळची जागा दिली आहे. टेबल माझंच राहिलं.

मार्चमधल्या त्या धड पानांवर माझी वाहवा झाली असती तर ही काच मी कधी बघितलीच नसती. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. ते आता आपण दोघींनी सोडलंय.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानायची पद्धत आहे. बाकीचं अजून एक अक्षर झालेलं नाही, पण ती ओळ मी लिहून ठेवली: 'एका वाफ्याला हात न लावल्याबद्दल माझ्या मावशीचे.'

किडूक


३ जून

चि. किडूक,

ती ओळ तुझ्या आईला फोनवर वाचून दाखवली. ऐकू येत नाही म्हणाली आणि पुन्हा वाचायला लावली.

वाफा खणून तयार आहे. नवीन रोपं लावली. हात बांधून बसायला मी तयार आहे.

अंडी पाठव.

तुझी मावशी